स्वप्नातला साप कुठून येतो?

जिंतूरच्या शाळेत शिकवणाऱ्याला सहलीसाठी लांब जावे लागत नाही. गावाजवळच नेमगिरीची टेकडी आहे आणि तिच्यात जैन लेणी आहेत. दारे बुटकी, वाकून आत जावे लागते. आत मूर्ती मात्र मोठाल्या. त्यांतली पार्श्वनाथाची मूर्ती सर्वांत प्रसिद्ध. एवढी अवजड मूर्ती खालच्या लहानशा दगडावर तोललेली आहे, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात सातवीच्या मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा गुरुत्वमध्याचा पाठ तिथेच उरकून टाकावा असा माझा बेत होता. पण मुलांचे लक्ष खालच्या दगडाकडे जाईना. सगळ्यांची नजर वर, डोक्यावरच्या नागफण्यांवर.

एक मुलगा तर आत यायलाच तयार नव्हता. बाहेर पायरीवर बसून राहिला. फार विचारल्यावर म्हणाला, "सर, रोज रातच्याला सपनात साप येतो. अंगावर चढतो. मग झोपच लागत नाही." वर्गात तो पेंगायचा, त्याचे कारण मला तेव्हा कळले. त्याच्या वडिलांनी वावरात एक साप मारला होता आणि त्याच्या जोडीदाराने डूख धरला आहे, असे घरात ठरले होते. पोराच्या दंडाला गंडा बांधलेला होता.

त्या दिवसांत मी नेमका युंग वाचत होतो. नवे वाचलेले सांगितल्याशिवाय शिक्षकाला चैन पडत नाही! सापाचे स्वप्न वाईट नसते, साप कात टाकतो तसे मनही नवे होत असते, जगभरच्या माणसांना असली स्वप्ने पडतात, असे मी त्याला समजावून सांगितले. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो शाळेतच आला नाही.

त्या पोराची पुढची हकिगत शेवटी सांगतो. आधी हे पाहू, की मी त्याला जे सांगितले त्यात विज्ञान किती होते.

घड्याळाने मोजलेले मन

कार्ल गुस्ताव्ह युंग (१८७५–१९६१) हा स्विस मनोविकारतज्ज्ञ. झुरिकच्या बुर्गहोल्झली या मनोरुग्णालयात १९०० साली तो रुजू झाला. तिथे त्याने आणि सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग अगदी साधे होते. समोरच्या माणसाला एकेक शब्द ऐकवायचा आणि मनात येणारा पहिला शब्द त्याने लगेच बोलायचा. असे शंभर शब्द. प्रत्येक उत्तराला किती वेळ लागला तो स्टॉपवॉचने मोजायचा. 'झाड' म्हटल्यावर 'पान' पटकन येते. पण एखाद्या शब्दाला माणूस अडखळतो, हसतो, तोच शब्द पुन्हा उच्चारतो किंवा गप्प बसतो. असे अडखळण्याचे शब्द एकत्र मांडले तर ते बहुधा एकाच दुखऱ्या जागेभोवती गोळा झालेले दिसतात, आणि ती जागा त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक असतेच असे नाही. अशा गुंत्याला मराठीत गंड म्हणतात. न्यूनगंड हा शब्द आपण सहज वापरतो, त्यातला हा गंड. (दंडावरच्या गंड्याशी त्याचा संबंध नाही, निदान व्याकरणात तरी नाही.)

आम्ही हा खेळ शिक्षकांच्या खोलीत करून पाहिला. 'बदली' या शब्दाशी आलो तेव्हा घड्याळ चालतच राहिले. मोठ्यांनी आपापसात गंमत म्हणून हे जरूर करावे. मुलांवर मात्र करू नये. मूल अडखळले तर पुढे काय करायचे, हे आपल्याला ठाऊक नसते.

इथपर्यंत सगळे मोजता येणारे होते. युंगची १९०७ साली फ्रॉइडशी भेट झाली. दडपलेल्या इच्छा आणि विसरलेले प्रसंग नेणिवेत साठतात, हे फ्रॉइडचे म्हणणे युंगला पटत होते, पण पुरेसे वाटत नव्हते. १९०९ साली अमेरिकेच्या बोटीवर त्याला एक स्वप्न पडले. त्यात एक घर होते. वरचा मजला सजवलेला. खालचा त्याहून जुना. त्याखाली रोमनकालीन तळघर. तळघराखाली गुहा आणि तिथे धुळीत पडलेल्या दोन प्राचीन कवट्या. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात माळवदावरून ओसरीत, ओसरीतून बळदात आणि तिथून पेवात उतरत जावे, तसेच. युंगला वाटले, मनाची बांधणी अशीच असणार. वरच्या थरात आपले स्वतःचे अनुभव, आणि सगळ्यांत खाली असे काही, की जे कुणा एकाचे नाही, सगळ्या माणसांचे आहे. या तळाला त्याने पुढे सामूहिक नेणीव म्हटले आणि तिच्यातल्या घडणींना आदिबंध. आई, ज्ञानी म्हातारा, वीर बालक, आपल्याच मनाची काळी बाजू म्हणजे छाया, हे त्याने सांगितलेले काही आदिबंध. फ्रॉइडशी त्याचे १९१३ मध्ये फाटले, त्याला कारणे इतरही होती.

इथे एक गैरसमज नेहमी होतो, तो माझाही झाला होता. माणूस जन्मतः डोक्यात सापाचे चित्र घेऊन येतो, असे युंग म्हणत नाही. चित्र वारशाने येत नाही. विशिष्ट तऱ्हेचे चित्र तयार होण्याकडे असलेला कल वारशाने येतो, असे त्याने पुढच्या लेखनात वारंवार बजावले. त्याने उपमा दिली ती स्फटिकाची. तुरटीच्या संपृक्त द्रावणात स्फटिक कुठेच दिसत नाही, पण दोरा सोडून ठेवला की ठरावीक कोनांचेच स्फटिक धरतात. कोणता केवढा होईल ते सांगता येत नाही, घडण मात्र ठरलेली.

उपमा सुंदर आहे. अडचण अशी, की तुरटीचा कोन आपण मोजू शकतो. आदिबंधाचा कोन कशाने मोजायचा?

एका पुराव्याची गोष्ट

युंग आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ बुर्गहोल्झलीतल्या एका रुग्णाचे उदाहरण पुन्हापुन्हा देई. तो रुग्ण म्हणे, "डोळे किलकिले करून सूर्याकडे पाहा. त्याला लिंग आहे. मी डोके हलवले की तेही हलते, आणि त्यातूनच वारा उत्पन्न होतो." पुढे १९१० मध्ये युंगच्या हाती एक पुस्तक आले. प्राचीन मिथ्र उपासनेच्या एका ग्रीक पोथीचा तो अल्ब्रेख्त डीटरिख या विद्वानाने सिद्ध केलेला पाठ होता. त्यात सूर्यबिंबापासून लोंबणारी नळी आणि तिच्यातून येणारा वारा यांचे वर्णन! रुग्णाचे बोलणे १९०६ सालचे, पुस्तक १९१० सालचे. म्हणजे रुग्णाने ते वाचलेले असणे शक्य नाही. मग ही प्रतिमा आली कुठून? सामूहिक नेणिवेतून.

पण युंगच्या हाती आली होती ती दुसरी आवृत्ती. पहिली १९०३ सालीच निघाली होती. याचा अर्थ रुग्णाने ती वाचलीच असा नाही. शक्य नव्हते असे मात्र म्हणता येत नाही, आणि सगळा युक्तिवाद त्या 'शक्य नाही'वरच तर उभा होता. दहावीच्या वर्गात पुरावा म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

जगभर सारख्या गोष्टी आढळतात, एवढ्यावरून त्या सगळ्यांच्या नेणिवेतून उगवल्या असे ठरत नाही. गोष्टी प्रवासही करतात. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पोचून पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात अरबीत आणि तिथून युरोपात. आयर्लंडमध्ये साप नाहीत. हिमयुग सरल्यावर ते तिथे पोचलेच नाहीत. तरी संत पॅट्रिकने बेटावरचे साप हाकलून लावले, ही गोष्ट तिथे घरोघर सांगतात. न पाहिलेल्या सापाची ही गोष्ट आदिबंधातून आली म्हणावे, तर बायबलमधला साप धर्मप्रसारकांबरोबर आधीच तिथे पोचलेला होता.

आता आपल्या पोराकडे पाहा. नेमगिरीला पार्श्वनाथाच्या डोक्यावर फणा. वादळपावसात धरणेंद्र नागाने त्याच्यावर फणा धरली ही कथा गावातल्या जैन घरांतून त्याच्याही कानावर आलेली. जवळच औंढा नागनाथ. १९९९ पर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. नागपंचमीला घरात नागाची पूजा, त्या दिवशी चिरायचे नाही, नांगर धरायचा नाही, आणि नांगराखाली पिले गेलेल्या नागिणीची कहाणी दरवर्षी. युंगने १९३२ मध्ये झुरिकमध्ये कुंडलिनीवर व्याख्याने दिली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावरचे निरूपण ऐकणाऱ्या आजीलाही कुंडलिनीची नागीण ठाऊक असते. शिवाय वावरात खरे साप आहेतच. एवढे सगळे असताना त्या पोराच्या स्वप्नातला साप शोधायला पेवात उतरायची गरज काय? तो ओसरीतच बसलेला आहे.

मग युंग सगळाच चुकला का? तसेही नाही. अमेरिकेत सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी माकडांवर केलेले प्रयोग पाहण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेत वाढलेली, साप कधीच न पाहिलेली ऱ्हीसस माकडे सापाला घाबरत नाहीत. मात्र दुसरे माकड सापाला घाबरते आहे हे पाहिले, की तीही चटकन घाबरायला शिकतात. मग त्यांनी चित्रफितीत फेरफार केला. घाबरणारे माकड तेच, पण एका फितीत त्याच्यापुढे खेळण्यातला साप, दुसरीत फुले. पाहणारी माकडे सापाला घाबरायला शिकली, फुलांना नाही. हे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या तान्ह्या बाळांचेही काहीसे असेच दिसते: सापाची चित्रफीत पाहून ती भीत नाहीत, पण घाबरलेला आवाज कानी पडला तर इतर प्राण्यांपेक्षा सापाकडे जास्त वेळ पाहत राहतात.

म्हणजे भीती जन्मजात नाही. ती शिकण्याची तयारी जन्मजात आहे. चित्र नव्हे, कल. युंगच्या वाक्याच्या किती जवळ आले हे! पण जे सिद्ध झाले ते फार थोडे आहे. साप पटकन ओळखणे आणि त्याला घाबरायला पटकन शिकणे, एवढेच. साप म्हणजे पुनर्जन्म, साप म्हणजे नेणीव, हा अर्थ कोणत्याही माकडाकडून मिळालेला नाही. तो माणसांनी ठिकठिकाणी लावला आहे आणि ठिकठिकाणी वेगळा लावला आहे. माझ्या मते आदिबंध ही कल्पना कथा-कविता वाचायला उपयोगी पडते. मराठी समीक्षकांनी तिचा उपयोग केलाही आहे. मुलाच्या स्वप्नाचा अर्थ सांगायला ती वापरू नये.

गणिताच्या बाईंचा प्रश्न

मुलगा चार दिवसांनी शाळेत आला. मी त्याला पुन्हा काही समजावणार, तोच आमच्या गणिताच्या बाईंनी त्याला विचारले, "बाळा, तू झोपतोस कुठं?"

"आखाड्यावर."

रानडुकरे सोयाबीनची नासाडी करत होती, म्हणून वडिलांबरोबर तो महिनाभर जागलीला जात होता. आखाड्यावर मूग-उडदाची पोती रचलेली, त्यांच्या कडेला खाली गोणपाट टाकून तो झोपायचा. पोत्यांत उंदीर होते का? होते. साप मारला तो कुठे? तिथेच, पोत्यांमागे. कसला साप? काळा, अंगावर पांढरे पट्टे.

तो मण्यार होता, हे कळायला मला क्षणभर लागला आणि मग अंगावर काटा आला. मण्यार रात्री फिरते, उंदीर, पाली, इतर साप खाते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे झोपलेल्याला पुष्कळदा पत्ताच लागत नाही. मग पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविष लस आपल्याकडे मिळते, पण माणूस वेळेवर रुग्णालयात पोचला तर. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. गंडा बांधणाऱ्याने त्या पोराला एक अर्थ सांगितला होता, मी दुसरा. तो झोपतो कुठे, हे आम्हा दोघांपैकी कुणीच विचारले नव्हते.

बाई आणि मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. डूख धरण्यावरून वाद घातला नाही. पोराला जमिनीवर झोपवू नका, बाज द्या, मच्छरदाणी लावून कडा गादीखाली नीट खोचा, पोती दुसरीकडे हलवा आणि उजेडाशिवाय खाली पाय ठेवू नका, एवढेच सांगितले. त्याच्या आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी तर म्हणत होते, पोराला जागलीला नेऊच नका."

बाज दुसऱ्याच दिवशी आखाड्यावर गेली. मच्छरदाणी यायला सोयाबीन विकेपर्यंत वेळ लागला. स्वप्न नंतरही काही दिवस पडत होते. कधी थांबले ते त्यालाही सांगता आले नाही. गंडा मात्र वार्षिक परीक्षेपर्यंत दंडावर होता, आणि आम्ही तो काढायला सांगितला नाही.