पथ्य एकट्या मुलाचं नसतं

टाइप २ मधुमेह आता शाळकरी मुलांतही आढळतो. निदान झालं की घरात फर्मान सुटतं: ‘आजपासून याचं गोड बंद, तळलेलं बंद.’ फक्त याचं! मुलाच्या ताटात दोन फुलके आणि काकडी, शेजारी बाबांच्या ताटात बटाटेवडे, फ्रीजमध्ये ‘पाहुण्यांसाठी’ कोल्ड्रिंकची मोठी बाटली. वर तक्रार आहेच, ‘सांगून थकलो, ऐकतच नाही.’ अहो, बारा वर्षांचं पोर ना किराणा भरतं, ना फोडणी घालतं. त्यानं ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

गैरसमज: मधुमेह ज्याला, पथ्य त्याला.

वस्तुस्थिती: वजनाच्या बाबतीत हे कधीच तपासून झालंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या स्थूल मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि १९९० साली ‘जामा’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. जिथे आईवडील आणि मूल अशा दोघांनाही सवयी बदलायला लावल्या होत्या, तिथे मुलांच्या जादा वजनाची टक्केवारी दहा वर्षांनंतरही सरासरी ७.५ने कमी होती. जिथे भर एकट्या मुलावर होता, तिथे ती ४.५ने वाढली होती.

ही मुलं मधुमेही नव्हती, हे खरं. मधुमेही मुलांवरचा ‘टुडे’ हा अभ्यास २०१२ साली आला. त्यात १० ते १७ वयाची ६९९ मुलं होती, बहुतेक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली. नुसत्या मेटफॉर्मिन या औषधावर ५१.७ टक्के मुलांची साखर हाताबाहेर गेली. जोडीला कुटुंबासह जीवनशैलीचा कार्यक्रम दिला, तेव्हा ४६.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणून ‘घरच्यांनी बदलून काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं. पण यातून दिसतं ते एवढंच, की मुलांतला हा आजार चिवट आहे आणि पथ्य औषधाची जागा घेत नाही.

शिवाय एका घरासाठी बनवलेला तक्ता दुसऱ्या घरात जसाच्या तसा चालत नाही. एपस्टाइन यांनी पदार्थांची विभागणी सिग्नलच्या लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत केली होती. ती आपल्याकडे आणायची, तर साबुदाण्याची खिचडी लाल रंगात टाकावी लागेल. उपवासाची म्हणून आपण तिला हलकी समजतो. प्रत्यक्षात ती निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. मटकीची उसळ पिवळ्यात, तिच्यावर तर्री आणि फरसाण पडलं की पुन्हा लाल. आणि घरात आजी वाढत असेल, तर डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आजीही हवी.

आणखी काही गैरसमज:

‘बारीक मुलाला मधुमेहाची भीती नाही.’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात कमी वजनाच्या भारतीय बाळांतही चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त आढळलं आहे.

‘गूळ, मध चालतो.’ चालत नाही. रक्तातली साखर त्यानंही वाढते.

‘उपाशी ठेवलं की वजन उतरतं.’ वाढत्या वयात हा उपाय घातक आहे. वजन किती उतरवायचं की नुसतं थोपवायचं, हे वय आणि उंची पाहून डॉक्टर ठरवतात.

‘पथ्य पाळलं की इन्सुलिन सुटतं.’ टाइप १ मध्ये कधीच नाही. तिथे इन्सुलिन थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ.