मूळव्याधीवरचे वनौषधी जेल आणि त्याच्या कसोट्या

मूळव्याध हा बाहेरून येऊन चिकटणारा रोग नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. वर्षानुवर्षे कुंथल्याने त्यांचा आधार सैल होतो, त्या सुजतात आणि खाली सरकतात. लोक त्यांनाच मोड किंवा कोंब म्हणतात. गाद्यांची ही उपपत्ती डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या शल्यचिकित्सकाने १९७५ साली मांडली. तिच्यामुळे जेलची मर्यादाही कळते. जेल सूज, आग आणि खाज कमी करू शकते. सुटलेला आधार बांधून देऊ शकत नाही. चौथ्या अवस्थेतला, आत न जाणारा मोड जेलच्या चाचणीत घेण्यात अर्थ नाही.

सुश्रुतसंहितेत अर्शावर भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय आहेत. सुरणाला तर ‘अर्शोघ्न’ हे नावच मिळाले. आजच्या जेलमध्ये कोरफड, हळद, लाजाळू सापडतात. पाश्चात्त्य मलमांत हॅमामेलिसची साल-पाने आणि हॉर्स चेस्टनटच्या बियांतले एस्किन. हॅमामेलिसचा गुण हिरड्याच्या जातीचा, म्हणजे तुरट: टॅनिन वरच्या थरातली प्रथिने आकसवते आणि झिरपणे कमी होते.

पहिली कसोटी कच्च्या मालाची. कोरफडीचे पान कापले की कडेने पिवळा, कडू चीक गळतो. तोच वाळवला की काळा बोळ. त्यातले अ‍ॅलोइन रेचक आहे आणि नाजूक त्वचेला झोंबते, म्हणून चीक निथळू देऊन आतला पारदर्शक गरच घ्यावा लागतो. अर्क तोच आहे ना, हे एचपीटीएलसी या वर्णलेखन पद्धतीच्या पट्टीवरच्या ठशांवरून ओळखतात.

मग जेल. कार्बोपोलची पांढरी भुकटी पाण्यात भिजली की गढूळ, आंबट, पातळ द्रव दिसतो. त्यात ट्रायइथॅनॉलअमाइनचे थेंब पडताच तो बघता बघता निवळतो आणि दाट होतो. मात्र वनस्पतींच्या अर्कात क्षार असतात आणि त्यांनी ही दाटी मोडते. काल घट्ट असलेले जेल आज ट्यूबमधून ओघळते. म्हणून दाटपणा, सामू आणि दोन काचांमध्ये वजनाखाली होणारा पसर मोजतात आणि नमुने ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के आर्द्रतेत ६ महिने ठेवून पुन्हा तपासतात. जंतूंची मोजणी होतेच. लपवून मिसळलेले स्टेरॉइड शोधणेही तितकेच गरजेचे: त्याने आराम झटकन पडतो, पण दीर्घ वापराने त्वचा पातळ होते.

प्राण्यांवरची नेहमीची पद्धत उंदरांवरची. जमालगोट्याच्या तेलात भिजवलेला बोळा गुदद्वाराशी धरला की काही तासांत भाग सुजतो. शिरेतून दिलेला निळा रंग ऊतींत किती झिरपला, यावरून सूज मोजतात. ही रासायनिक जळजळ आहे, गाद्यांचे सरकणे नव्हे. तेवढ्यावर ‘मूळव्याध बरी होते’ असा दावा उभा राहत नाही.

खरी अडचण माणसांवरच्या चाचणीत. मूळव्याध उसळते आणि पुष्कळदा आपोआप निवते. त्या निवण्याच्या दिवसांत जे लावले, ते गुणकारी ठरते. शिवाय वनस्पती नसलेले नुसते जेलही गार वाटते, घर्षण कमी करते. म्हणून दुसऱ्या गटाला तेच जेल अर्काविना द्यायला हवे. आणि हळदीचा पिवळेपणा किंवा निंबाचा वास रुग्णाला गट ओळखू देतो, तर रंग-वास दोन्हीकडे सारखे करायला हवेत. तसेच इसबगोलाचे. कॉक्रेनच्या २००५ मधल्या आढाव्यात ७ चाचण्यांतल्या ३७८ रुग्णांत इसबगोलासारख्या चोथ्याने रक्तस्राव सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले. एकाच गटाने इसबगोल घेतला तर त्याचे श्रेय जेलला जाईल. इराणमधल्या २०१० च्या चाचणीत ४९ रुग्णांपैकी कोरफडीचे क्रीम लावलेल्या गटाला शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी जाणवल्या. तो निष्कर्ष जखमेपुरता आहे; मोडांवर तो लावता येत नाही.

रुग्ण निवडण्यापूर्वी दुर्बिणीने तपासणी टाळता येत नाही, कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही शौचावाटे रक्त जाते. नंतर रुग्ण रोज रक्ताची नोंद ठेवतो आणि दहा सेंटिमीटरच्या रेषेवर वेदनेची खूण करतो. भारतात अशा चाचण्यांची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंदणी जून २००९ पासून सक्तीची आहे. दोन आठवड्यांचा आराम नोंदवून बहुतेक चाचण्या संपवता येतात. मोड पुन्हा डोके वर काढतात का, हे पाहायला मात्र काही महिने लागतात.