घरबसल्या कामाचं लाइट बिल कोण भरतं?

लॉकडाऊनने आपल्याला 'वर्क फ्रॉम होम' शिकवलं, असं सहज बोललं जातं. सुरतेच्या पांडेसऱ्यात कोणी असं म्हणालं, तर त्याला विचारावंसं वाटतं की मग या दारोदारच्या साड्या कसल्या? उंबऱ्याशी बसून एक बाई सुटे धागे कापतेय, शेजारची लेस लावतेय, आत खाटेवर पसरलेल्या साडीवर तिसरी डिंकाच्या थेंबावर एकेक टिकली बसवतेय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्या खानदेशी कुटुंबांना यात काही नवल नाही. घरचा पुरुष जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, नाहीतर संच्यावर, म्हणजे यंत्रमागावर. आणि रिंग रोडच्या मार्केटात काचेमागे झळकणाऱ्या साडीवरचा शेवटचा हात त्याच्या घरातल्या बाईचा. ठेकेदार माल टाकतो, दोन दिवसांनी नग मोजून घेऊन जातो.

2020 मध्ये इथे उलटंच घडलं. 25 मार्चला देश बंद झाला आणि महिनाअखेरीस याच पांडेसऱ्यात परप्रांतीय कामगार गावी जाऊ द्या म्हणत रस्त्यावर उतरले. कापड ताणून वाळवणारं स्टेंटर आणि बॉयलर काही घरी नेता येत नाहीत. मार्केट बंद म्हणून बायांच्या हातचा मालही बंद. बाकीचा देश घरून काम करायला लागला त्याच दिवसांत इथलं घरचं काम थांबलं होतं.

विलायतेबद्दलचा समजही असाच फुगलेला आहे. लंडनला कोणाचा तरी भाचा असतो, तो घरात बसून पगार घेतो, म्हणून 'तिकडे सगळेच घरून काम करतात'. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत 2024 च्या शरद ऋतूत साधारण 28 टक्के कामकरी माणसं काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून काम करत होती. बस चालवणारा, इस्पितळात फरशी पुसणारी आणि दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहणारी तिथेही रोज घराबाहेरच पडतात. दुसरी अफवा तिथल्या कायद्याची. 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्याच दिवशी कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागता येतात, पण तो हक्क मागण्यापुरताच आहे. कायद्यात दिलेल्या कारणांवर बोट ठेवून मालक नाही म्हणू शकतो.

सगळ्यात चिवट समज मात्र इथलाच, आणि तो घरातली माणसंच जास्त बाळगतात: हे फावल्या वेळातलं काम आहे. बसल्या बसल्या चार पैसे सुटतात, बाईचं काय जातं? हिशेब मांडला की काय जातं ते दिसतं. समजा, एका साडीमागे 5 रुपये मिळतात आणि हात बसलेली बाई तासाला 6 साड्या पुऱ्या करते. तासाचे 30 रुपये झाले. आता त्यातून सुई, दोरा, मशीनचं तेल, मोटरची वीज काढा. साडीला डाग पडला तर कापून घेतात, तेही काढा. खोलीचं भाडं तर कोणी धरतच नाही. साडीचे गठ्ठे अर्धी खोली अडवतात आणि पोरं उरलेल्या अर्ध्यात झोपतात. मिलमध्ये जागा, दिवा, मशीन, बिघाड सगळं मालकाच्या डोक्यावर असतं. घरून करायच्या कामात ते गुपचूप कामगाराच्या डोक्यावर येतं. लॅपटॉपवाल्याचंही तेच होतं, फक्त त्याचा पगार मोठा म्हणून टोचत नाही.

विजेचाच हिशेब घ्या. पोरगा दिवसभर लॅपटॉप लावून बसतो म्हणून बिल वाढलं, ही तक्रार घरोघरी असते. साधा लॅपटॉप 50 वॉटच्या आसपास घेतो. आठ तासांत अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. डोक्यावरचा जुना 75 वॉटचा पंखा तेवढ्या वेळात 0.6 युनिट खातो, म्हणजे लॅपटॉपपेक्षा जास्त. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात तासाला एक युनिट सहज ओलांडतो. बिलाचा दोष द्यायचाच तर आधी तिकडे बघावं. शिलाई मशीनच्या मोटरचंही बघण्यासारखं आहे. जुनी क्लच मोटर पायडल सोडलं तरी फिरत राहते आणि वीज खाते. सर्वो मोटर शिवण चालू असते तेवढीच फिरते. ती महाग पडते हे खरं, पण रोज सहा-सात तास मशीन चालवणारीने दुकानदाराला दोन्हींचा फरक विचारून घ्यावा.

'घरच्या कामाला कायदा नसतो' हे वाक्य ठेकेदाराच्या सोयीचं आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यात कामगाराच्या व्याख्येतच घरी माल नेऊन तो शिवणारा, धुणारा, सजवणारा, पुरा करणारा माणूस धरलेला होता. स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा कोणाला तरी ही बाई आठवली होती, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्या कायद्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता आली, 21 नोव्हेंबर 2025 ला ती लागू झाली, आणि तिच्या व्याख्येत असा घरी काम करणारा स्पष्ट शब्दांत राहिला नाही. मात्र 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्याची वेगळी व्याख्या आहे: साहित्य मालकाने दिलं असो वा नसो, मालकासाठी मोबदला घेऊन स्वतःच्या घरी वस्तू किंवा सेवा तयार करणारा. टिकल्या लावणारी बाई यात चपखल बसते. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर तिला नोंदणीही करता येते. पण नोंदणी म्हणजे मजुरी वाढणं नव्हे, हेही सांगायला हवं, कारण कार्ड मिळालं की महिन्याला पैसे येतात अशी आशा कोणीतरी लावून देतं.

नगावर मजुरी असली की किमान वेतन मोजताच येत नाही, हाही एक सोयीचा समज. ब्रिटनमध्ये ते मोजतात. सरासरी कामगार तासाला किती नग करतो ते आधी तपासायचं, त्या आकड्याला 1.2 ने भागायचं आणि तासाचं किमान वेतन आलेल्या उत्तराने भागून नगाचा दर काढायचा. म्हणजे तासाला 6 साड्या होत असतील तर हिशेबात 5 च धरायच्या. एप्रिल 2025 पासून तिथे 21 वर्षांवरच्यांचं किमान वेतन ताशी 12.21 पौंड होतं, त्यावरून साडीमागे सुमारे 2.44 पौंड पडतात. हा नियम घरून काम करणाऱ्यालाही लागू आहे. म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. लेस्टर शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यांत किमान वेतनाच्या निम्म्यानेही मजुरी मिळत नसल्याच्या बातम्यांनी 2020 मध्ये तिथे मोठा गदारोळ झाला होता.

आता मोबाइल आणि नेट. वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात म्हणजे नेट जोरात आहे, हे खरं नव्हे. त्या दांड्या फोन आणि राउटर यांच्यातलं नातं दाखवतात. राउटरच्या पुढची लाइन मेलेली असली तरी त्या भरलेल्याच दिसतात. मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की लोक मोठा प्लॅन घेतात. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, तेवढे दोन्ही बाजूंनी मिळायला हवेत इतकंच. खोट बहुधा जागेची असते: राउटर लोखंडी कपाटामागे आणि पोरगा गच्चीवर. त्यातही 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीपलीकडे 2.4 पेक्षा लवकर दमतो. लाइट गेली की नेट जाणारच, असंही नाही. फायबरच्या वाटेतले स्प्लिटर विजेशिवाय चालतात, त्यामुळे घरातल्या राउटरला छोटा यूपीएस जोडला तर नेट बहुतेक वेळा चालू राहतं. फोन रात्रभर चार्जिंगला लावला तर फुटतो म्हणतात. चांगला फोन भरला की स्वतःच चार्ज घेणं थांबवतो. बॅटरीला खरा त्रास उष्णतेचा, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत उशीखाली चार्ज होणाऱ्या फोनची काळजी खरंच करावी. फुगलेली बॅटरी मात्र त्या दिवशीच बदलावी.

परदेशी कंपनीचं काम म्हणजे रात्रपाळी, ही धास्ती आयांना असते. अमेरिकेच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. पोरगी रात्री साडेदहाच्या आसपास मोकळी होते.

या सगळ्यापेक्षा महाग पडणारे समज फसवणुकीचे. घरबसल्या डेटा एन्ट्रीची जाहिरात, ऑनलाइन सही, मग 'तुमचं काम 90 टक्के अचूक नाही, करार मोडला, भरपाई द्या, नाहीतर पोलिस येतील' असा वकिलाच्या नावाचा मेसेज. घाबरून पैसे भरणारे पुष्कळ. करार मोडल्याचा वाद दिवाणी असतो, त्यात पोलिस उचलून नेत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक तर कुठल्याच कायद्यात नाही. नोकरी देणारा आधी पैसे मागतो तेव्हा तो नोकरी देत नसतो. यूपीआयने पैसे घेताना पिन लागत नाही, पैसे देताना लागतो. गेलेच तर लाज सोडून लगेच 1930 ला फोन करावा, कारण पैसे दुसऱ्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येतात.

शेवटचा समज साडीवाल्या बायांचा: सगळा व्यवहार तोंडी, मग पुरावा कुठला? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते, त्यासाठी ठरलेलं प्रमाणपत्र मात्र जोडावं लागतं. माल आला की गठ्ठ्याचा आणि चिठ्ठीचा फोटो काढावा, नग किती आणि दर काय ते ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर लिहून 'बरोबर ना?' विचारावं, माल परत देताना पुन्हा तेच करावं. आणि फोन बदलताना जुन्या चॅटचा बॅकअप घ्यावा, कारण दुकानदार 'साफ करून देतो' म्हणतो तेव्हा तो वर्षभराचा हिशेबही साफ करतो.