समुद्राकडे पाठ फिरवणाऱ्या पाण्याचं गाव

मलकापूरहून अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. रत्नागिरीची गाडी धरली, आंबा घाट उतरला, की साखरपा, पाली मागे टाकून त्याच दिवशी भाट्याच्या पुळणीवर उभं राहता येतं. तरीही मलकापुरात पडणारं पावसाचं पाणी त्या समुद्राला मिळत नाही. शाळी आणि कडवी या नद्या ते वारणेकडे नेतात, वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत शिरते, आणि हजार किलोमीटरहून अधिक वाट चालून ते पाणी आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पोचतं. दारचा समुद्र सोडून पाणी दूरच्या समुद्राकडे निघतं, आणि तेही पाऊस दारच्या समुद्रानेच पाठवलेला असताना!

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातलं हे पाच-सहा हजार वस्तीचं नगरपरिषदेचं गाव. नकाशात ते पन्हाळा आणि विशाळगड या दोन मोठ्या नावांच्या मध्ये हरवून जातं. पण समुद्र माणसांच्या आयुष्यात किती आत शिरतो हे पाहायचं असेल, तर किनाऱ्यावरच्या शहराइतकंच हे गाव बोलकं आहे.

सुरुवात पावसापासून करू. जून महिन्यात नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून वाफ उचलून निघतात आणि कोकणच्या अरुंद पट्टीवरून थेट सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात. समोर दोन हजार फुटांच्या आसपासची भिंत. हवेला वर चढण्यावाचून मार्ग नसतो, वर गेली की ती गार होते, आणि गार हवेत वाफ मावत नाही. वाफेला थेंब व्हायला मात्र टेकायला एखादा कण लागतो. लाटा फुटताना उडालेल्या तुषारांतलं मीठ वाऱ्याबरोबर वर जातं आणि असे कण पुरवतं. म्हणजे आंब्याच्या धुक्यातल्या कितीतरी थेंबांच्या पोटात समुद्राच्या मिठाचा एकेक कण असतो. पुढे कड्यावर बरसून हलकी झालेली हवा पूर्वेला उतरते तसा पाऊस झपाट्याने ओसरतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे त्याहूनही कमी. एकाच जिल्ह्यात! मलकापूर या उताराच्या मधोमध बसलं आहे.

या उताराप्रमाणे माणसांनी जनावरंही निवडली आहेत. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांत गवळी धनगर म्हशी पाळतात. पूर्वेच्या कोरड्या माळावर हाटकर धनगर मेंढरं वळतात. धो धो पावसात आणि चिखलात मेंढरू टिकत नाही, म्हैस टिकते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी ही वाटणी अभ्यासली. एकाच मुलखात राहायचं, पण एकमेकांच्या चाऱ्यावर हात टाकायचा नाही, अशी ती सोय. मला ती फार शहाणपणाची वाटते.

आता पाणी उलटं का वाहतं ते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले; तो आपला काळा पत्थर. त्याच सुमारास भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा तुटून निघाला. तुटलेली कड वर उचलली गेली, आणि एका बाजूने उचललेल्या पाटासारखं सगळं पठार पूर्वेकडे कललं. मग नद्यांना निवड राहिली नाही. असं घडणारी आपली एकटीच भूमी नव्हे. ब्राझीलमध्ये तियेते नावाची नदी अटलांटिकपासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर उगम पावते, समुद्राकडे पाठ करते आणि साओ पावलो शहरातून देशाच्या पोटात शिरते. तिथलाही किनारा असाच खंड फाटताना तयार झालेला.

आंब्याच्या माथ्यावर मात्र पाण्याची खरी फाटाफूट दिसते. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी काजळी नदीत उतरतं आणि साखरप्यावरून रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीला लागतं. विशाळगडाशेजारच्या माचाळला उगवणारी मुचकुंदी पूर्णगडाला समुद्र गाठते. पूर्वेला पडलेलं पाणी पुन्हा दोन वाटांनी जातं. कडवीकडे गेलं तर वारणा आणि हरिपूर. पावनखिंड-गजापूरच्या बाजूला कासारीत गेलं तर पंचगंगा आणि नरसोबाची वाडी. एकाच ढगातून उतरलेले सोबती वाडीच्या संगमावर पुन्हा भेटतात आणि अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं ओलांडत पुढे जातात. म्हणून घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला की कोल्हापुरात लोक राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं होतं.

पाणी समुद्राकडे पाठ करतं, माणसांनी मात्र कधी केली नाही. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. देशावरून गूळ, मिरची, धान्य खाली जायचं. आंब्याशिवाय अणुस्कुरा घाटही याच तालुक्यातून उतरतो, थेट राजापूरच्या दिशेला. त्याची जुनी फरसबंद वाट आजही पायांना लागते. राजापूर खाडीच्या आत वसलेलं बंदर, तिथे इंग्रजांची वखार. १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा या वखारीचे इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन, आपलं निशाण लावून, वेढ्यात सामील झाले. जुलैच्या त्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज वेढा फोडून विशाळगडाकडे निघाले, घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू लढत पडले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढचा धागा मात्र कमी सांगितला जातो. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर गाठलं, वखार खणून काढली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह इंग्रजांना कैद केलं. बंदराने डोंगरावरच्या वेढ्यात हात घातला आणि डोंगराने बंदरात उतरून जाब विचारला. घाटाखालचं आणि घाटावरचं राजकारण वेगळं काढताच येत नाही.

विशाळगड, म्हणजे पूर्वीचा खेळणा, या वाटांवर नजर ठेवूनच बांधलेला. पंधराव्या शतकात बहमनींचा सरदार मलिक-उत्-तुजार फौज घेऊन या रानात शिरला आणि इथल्या शिर्के सरदारांनी त्याला तिथेच संपवलं. तोफांपेक्षा इथलं जंगल भारी पडलं. पुढे गड पंत प्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं झाला. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी उठाव केला, इंग्रजांनी तो मोडून गडाची तटबंदी पाडली, आणि जहागिरीचा कारभार खाली मलकापूरला आला. गड रिकामा होत गेला, बाजाराचं गाव वाढलं. मलकापूर मोठं झालं ते असं, कड्यावरची सत्ता सपाटीला उतरल्यामुळे आणि घाटाची वाट दारातून जात असल्यामुळे. आज तीच वाट रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाली आहे. मासळी आणि हापूस अजून तिच्यावरूनच वर येतात.

२०२१ च्या जुलैमध्ये मुसळधार पावसाने आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक काही काळ थांबली. त्या वेळी सगळी चर्चा रस्त्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या दरडींमध्ये मला सह्याद्रीचा सगळ्यात जुना उद्योगही दिसतो. कोकणाच्या बाजूला उतार उभा, नद्या आखूड आणि जोरकस. त्या आपल्याच उगमाकडचा डोंगर कुरतडत पूर्वेला सरकतात आणि त्यांच्याबरोबर कडाही मागे सरकतो. देशावरच्या नद्या संथ. त्यांना असं कुरतडता येत नाही. असं सरकता सरकता कधी तरी काजळीचा एखादा ओहोळ माथा ओलांडून कडवीच्या वरच्या झऱ्यांपर्यंत पोचू शकतो. भूशास्त्रात याला नदीची चोरीच म्हणतात. तसं झालं तर आंब्याचं जे पाणी आज हंसलदीवीला जातं, ते भाट्याला जाईल. लाखो वर्षांचं काम आहे, पण दर पावसाळ्यात ते थोडं थोडं पुढे जातं.