काळ्या पानांचं कमळ

"रत्नागिरीत चिनी शाई?" संपादकांनी फोनवर विचारलं आणि स्वतःच म्हणाले, "जाऊनच या." मी निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या पडवीत पोहोचलो तेव्हा बाहेर आषाढ कोसळत होता. नाव छापायचं नाही, ही सरांची एकच अट.

या जिल्ह्याला जलरंग नवा नाही. सावर्ड्याला तर कला महाविद्यालयच आहे. चिनी शाई मात्र लांबून आली. १९२४ साली चित्रकार नंदलाल बोस रवींद्रनाथांबरोबर चीनला गेले आणि तिथला कुंचला शांतिनिकेतनात रुळला. आपले कोल्हापूरचे विनायक मासोजी तिथल्याच कलाभवनात शिकले, पुढे शिकवूही लागले.

सर शाईची कांडी दगडावर उगाळतात, सहाणेवर चंदन उगाळावं तशी. काजळी आणि सरस, एवढाच तिचा मसाला. कुंचला आडवा टेकवून एक वळसा, की झालं पान! ते ओलं असतानाच त्यात हिरवा जलरंग सोडायचा.

खरी गंमत कागदात. कच्चा शुआन हा चिनी कागद पाणी पितो; तुरटी-सरस पाजलेला रंग वरच धरतो. सरांना दोन्ही हवं. म्हणून ते कच्च्या कागदावर फक्त पाकळ्यांच्या जागी तुरटी-सरसाचा हात देतात. मग पानांची शाई पाकळीच्या कडेशी येऊन थांबते आणि आतला गुलाबी स्वच्छ राहतो.

"अळवावर पाणी ठरत नाही, कमळाच्या पानावरही नाही," सर म्हणाले. "आणि मी ते काढतो पाणी पिणाऱ्या कागदावर."

पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तुरटीचा हात मे महिन्यात बघता बघता वाळतो, आषाढात रात्र जाते. ठेवणीतल्या कागदावर बुरशीचे ठिपके पडतात. चित्र वाळलं की चुरमुडतं, मागून खळीने दुसरा कागद चिकटवावा लागतो. खळीवर झुरळं येतात. मोरचूद घातलं तर झुरळं टळतात, पण पुढे कागदच कुजतो. एवढं करून गिऱ्हाईक विचारतं, "पानं काळी का हो?" चिनी चित्रकार एका शाईत पाच रंग पाहतात, हे सर आता सांगत बसत नाहीत.

त्यांनी कागद उचलला. खालच्या रद्दी पेपरावर पानं झिरपून उमटली होती, पाकळ्यांच्या जागा कोऱ्या. एकीत मात्र शाई घुसलेली.

"ही वाळली नव्हती," म्हणत सरांनी नवा कागद काढला.