एका चिन्हानं फिटलेली उचल : लिंटर कसा बसवायचा?

आजचा विषय कोड लिंटर. पण सुरुवात आपल्या धारूर तालुक्यातून.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघतात. जाण्याआधी प्रत्येक कोयता, म्हणजे बहुतेकदा नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतो. ती तोडलेल्या उसातून फेडायची. गावातल्या एका टोळीला हा हिशोब मोबाईलवर दिसावा म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये छोटं ॲप बनवलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांची उचल ‘फिटली’! एक मावशी म्हणाली, “लेकरा, तुझ्या तोंडात साखर पडो. पण मुकादमाच्या वहीत अजून बाकी हाय की!”

चूक एवढीच, की अटीत तुलनेसाठी बरोबरची तीन चिन्हं हवी होती, मी एकच टाकलं. म्हणजे ‘फिटली का?’ असं विचारायच्या ऐवजी ‘फिटली’ असं लिहूनच टाकलं. कोड बिनबोभाट चालला. तीनदा वाचूनही मला दिसलं नाही.

लिंटर नेमकं हेच पकडतो. तो कोड चालवत नाही, फक्त वाचतो आणि संशयाच्या जागा दाखवतो. पहिला ‘लिंट’ स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये बेल लॅब्समध्ये सी भाषेसाठी लिहिला. नाव आलं कपड्याला चिकटणाऱ्या बारीक तुसावरून. जावास्क्रिप्टसाठी २०१३ मध्ये ईएसलिंट आला.

बसवायचा कसा? प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. ‘एनपीएम इनिट’ लिहून पुढं ‘ॲट ईएसलिंट स्लॅश कॉन्फिग ॲट लेटेस्ट’ द्या. तो काही प्रश्न विचारेल. कोड ब्राउझरमध्ये चालतो की नोडवर, हे नीट सांगा, नाहीतर चांगल्या नावांवरही उगाच तक्रारी येतील. कॉन्फिग फाईल तयार झाली की ‘एनपीएक्स ईएसलिंट’ आणि पुढं एक टिंब. माझी चूक ‘नो-कॉन्ड-असाइन’ या नियमाखाली लगेच लाल झाली. ‘फिक्स’ पर्याय काही चुका आपोआप दुरुस्त करतो, पण ही नाही. ती हातानंच सुधारायची.

शेवटचं काम विसरू नका. हीच कमांड गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये टाका. एरर असेल तर कमिटच अडेल.

एक मात्र आहे. टनाचा दरच चुकीचा भरला, तर लिंटरला कळणार नाही. ते मावशीलाच दाखवावं लागतं. मी आता आधी लिंटर चालवतो, मग मोबाईल मावशीच्या हातात देतो.

चला, भेटू पुढच्या भागात!