लखनौचं भाषण आणि मुंबईचे एकवीस उद्योगपती

कॉलेजात जाणारी मुलं जेवताना ‘भांडवलशाही’ वगैरे बोलायला लागली, की ‘मग हातातला मोबाइल कुणी बनवला रे?’ हा ठरलेला टोमणा येतो. तुमच्याही घरी हे झालं असेल. पण हा वाद मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो एकदा लखनौमध्ये चांगलाच पेटला होता.

एप्रिल १९३६. लखनौला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी भाषणात सांगून टाकलं, की गरिबी आणि बेकारी हटवायला समाजवादाशिवाय मार्ग नाही. त्याच दिवसांत तिथे किसान सभा स्थापन झाली, प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखक जमले. ऑगस्टमध्ये याच शहरात विद्यार्थी फेडरेशनही उभी राहिली.

तरुणांना हे का पटत होतं? पुस्तकांमुळे कमी, परिस्थितीमुळे जास्त. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते, पदवीधरांना नोकरी नव्हती. रशियाच्या पंचवार्षिक योजना मात्र जोरात चालल्याचं ऐकू येई. दुरून डोंगर साजरे. तिथली दडपशाही इथून दिसत नव्हती.

आजचं बघा. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात पोलीस शिपायांच्या साठ हजार जागांसाठी सुमारे ४८ लाख अर्ज आले, आणि पेपर फुटल्यामुळे परीक्षाच रद्द झाली. अशा रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ‘बाजार सगळं नीट करतो’ हे सांगून पटेल का? तसंच, सगळं सरकारच्या हाती दिलं की पेपर फुटत नाहीत, असंही नाही!

नेहरूंच्या भाषणाने मुंबई हादरली. मे महिन्यात एकवीस उद्योगपतींनी पत्रक काढून समाजवादाला विरोध केला. त्यात आपले सोलापूरचे वालचंद हिराचंदही होते. गंमत म्हणजे घनश्यामदास बिर्लांनी वालचंदांनाच पत्राने खडसावलं: मालमत्ता असलेल्यानेच ती वाचवा म्हणून ओरडणं शोभत नाही! पुढे १९४४ च्या ‘मुंबई योजने’त बिर्ला, टाटा आणि त्या एकविसांतले पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीच सरकारी नियोजनाला मोठी जागा दिली.

उलटा प्रवासही झाला. नाशिकरोडच्या तुरुंगात १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, एस. एम. जोशी, मिनू मसानी अशा तरुणांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. स्टालिनच्या राजवटीतले खटले आणि फाशीच्या बातम्या ऐकून मसानींचा भ्रमनिरास झाला. १९५९ मध्ये राजाजींच्या बरोबरीने मुक्त बाजाराची बाजू घेणारा स्वतंत्र पक्ष उभारणाऱ्यांत ते होते. एस. एम. मात्र शेवटपर्यंत समाजवादीच राहिले.

१९६७ च्या निवडणुकीत मसानी राजकोटहून निवडून आले आणि एस. एम. पुण्याहून. तुरुंगातले हे दोन सोबती लोकसभेत पुन्हा एकत्र आले, आणि दोघेही विरोधी बाकांवर.